एकदाच विचारलंस

मोलो, इलोइलो
१२ फेब्रुवारी २००८

मनांग चोलेंग,

तुझा जाड लिफाफा परवा मिळाला. पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "एर्मिंग, अमेरिका आली गं!" मी लिफाफा उघडायच्या आत शेजारच्या दोघी अभिनंदन करून गेल्या. त्यातल्या एकीनं जाताना आमचा फ्रिज मागून ठेवला.

१९८६ साली तू धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्यासाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागला. तो अर्ज मी विसरूनच गेले होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. दर वर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी त्याचा क्रमांक उतरवून घेते. अर्ज केलास तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नोकरी नव्हती, हेर्नानचं नावही ऐकलं नव्हतं. आता चव्वेचाळीस वर्षांची आहे, हायस्कूलात गणित शिकवते, आणि त्याच अर्जात नवरा आणि पंधरा वर्षांची मुलगीही बसतात. बसची वाट बघत एकटीनं उभं राहावं आणि बस येईपर्यंत आपलं कुटुंब वाढलेलं असावं, तसं झालं.

हेर्नान धक्क्यावरून बोटीचं इंजिन दुरुस्त करून आला, तो हात न धुताच कागद बघायला लागला. मी ओरडले, तेव्हा त्यानं हात पाठीमागे धरून नुसती मान पुढे केली.

"लांगा, नीट वाच. दुसऱ्या कुणाचं नसेल ना? नाही तर नाचायचं आपण आणि जायचं भलत्यानंच."

चेरी-मे म्हणाली, "नानाय, तिथं बर्फ असेल ना?"

"तिथं म्हणजे कुठं?"

"अमेरिकेत."

"अमेरिका म्हणजे काय मोलोचा बाजार आहे, या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसायला?" हेर्नान म्हणाला.

"मग आपण कुठं राहणार?"

बावीस वर्षांत जायचं की नाही यावर मी पुष्कळ विचार केला होता. जाऊन कुठल्या गावात राहायचं यावर एकदाही केला नव्हता. आता मात्र करावा लागेल, कारण फॉर्ममध्ये 'अमेरिकेतला राहण्याचा पत्ता' असा एक रकाना आहे. आमची ग्रीन कार्डं म्हणे त्याच पत्त्यावर येणार. बाकीचे सगळे रकाने मी त्याच दिवशी पेन्सिलनं भरले. हा तेवढा रिकामा आहे. फॉर्म तीस जूनच्या आत पोचायला हवा.

लिफाफ्यातली तुझी चिठ्ठी सापडली. 'इंदाय, तुम्हाला हवं तर आमच्याकडेच राहायला या. वर एक खोली आहे.' विचारलंस यातच सगळं आलं. पण नको, मनांग. तुला आणि मनोंग तिबुरला फार अडचण होईल. तुम्ही नवराबायकोनं तिथं कष्टानं सगळं उभं केलंत, त्यात आम्ही तिघं कुठं येऊन पडायचं? आम्ही आमचं बघू.

आपल्यात सात वर्षं जे आहे त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. फोनवर आपण दोघी एक तर रडू किंवा भांडू, म्हणून पत्र.

तुझी,
एर्मिंग

ता. क. वरची खोली म्हणजे रस्त्याच्या बाजूची की मागची? चेरी-मे विचारत होती.


मोलो
२० मार्च २००८

मनांग चोलेंग,

पत्र मिळालं. 'ठीक आहे. तुमचं जिथं ठरेल तो पत्ता कळव, म्हणजे माझ्याकडच्या कागदांवर घालता येईल. खोली मागची आहे.' इतकंच होतं. कागदाच्या मागच्या बाजूला काही लिहिलं आहे का तेही पाहिलं. नव्हतं. बरोबरच आहे, तुला काम असतं.

तर आमचं जवळजवळ ठरलं आहे. आम्ही कोडियाकला जाणार.

कोडियाक अलास्कात आहे. शाळेतल्या नकाशावर ते नाही. तो नकाशा जुना आहे आणि अलास्काच्या खालच्या बाजूला कसर लागली आहे. हेर्नानचा चुलतभाऊ नोनोय तिथं मासळीच्या कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं, कारखान्यात निम्मी माणसं आपलीच, त्यातली पुष्कळशी आपलीच भाषा बोलणारी. बोटी आहेत म्हणजे इंजिनं आहेत, आणि इंजिनं आहेत म्हणजे हेर्नानला हात काळे करायला जागा आहे. नोनोयचं पत्र चेरी-मेनं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'इथं अस्वलं कचऱ्याच्या डब्यापर्यंत येतात, पण घाबरू नका. मनमिळाऊ आहेत.' ताताय, अस्वल मनमिळाऊ कसं असेल?"

"नोनोयशी पटतं म्हणजे असणारच," हेर्नान म्हणाला. "नोनोयशी त्याच्या सासूचंसुद्धा पटत नाही."

"आणि बर्फ?"

"बर्फच बर्फ. मासळीवर टाकायला विकतसुद्धा आणावा लागत नसेल."

त्या दिवसापासून हेर्नान घरात फिरताना मफलर घालतो. बाहेर चौतीस अंश आहे. सवय करतोय म्हणतो. काल तो मफलर घालून धक्क्यावर गेला आणि तिथल्या लोकांनी त्याचं नाव 'एस्किमो' ठेवलं. आता 'एस्किमो, माझा पंप बघ', 'एस्किमो, प्लग दे' असं चाललंय. त्याला ते आवडतं.

मीही अलास्काबद्दल बरंच वाचलं. उन्हाळ्यात तिथं संध्याकाळ संपतच नाही. वह्या तपासायला किती उजेड मिळेल! थंड हवेत डोकंही चांगलं चालतं म्हणे. हे सगळं मला मनापासून आवडलं आहे.

पत्र बंद करायच्या आधी पुन्हा वाचते आहे. 'मनापासून' हा शब्द जास्त झाला. 'आवडलं आहे' एवढं बरोबर आहे.

तुझी,
एर्मिंग

ता. क. मागच्या पत्रातली एक दुरुस्ती. खोलीबद्दल चेरी-मेनं विचारलं नव्हतं.


मोलो
२८ एप्रिल २००८

मनांग चोलेंग,

कोडियाक बारगळलं. नोनोय स्वतःच तिथून निघतोय. अस्वलांमुळे नाही, सासूमुळे. ती तिथं राहायला आली.

आता बाल्टिमोर. कॉलेजातली माझी मैत्रीण लोर्ना तुला आठवते का? आपल्याकडे रविवारी यायची आणि आपले ताताय तिला 'आलीस का गं भोंगे' म्हणायचे, ती. ती तिथं तीन वर्षं शाळेत गणित शिकवते. शिक्षक कमी पडले म्हणून आपल्याकडून शेकड्यांनी नेले आहेत. म्हणजे मला परीक्षा देऊन माझंच काम करता येईल. लोर्नाच्या इमारतीत सगळ्या मजल्यांवर आपल्याच शिक्षिका आहेत. दर शनिवारी एकीकडे जेवण असतं. सुके मासे तळायचे असले की जिन्यात पाटी लावतात, म्हणजे ज्यांना वास सोसत नाही त्यांनी त्या वेळात बाहेर जाऊन यावं.

लोर्नानं 'आधी आमच्याकडेच उतरा' असं तीन पत्रांत लिहिलं. तीनही पत्रांत.

हेर्नाननं एकच प्रश्न विचारला, "तिथं समुद्र आहे?"

"खाडी आहे."

"खाडी म्हणजे समुद्राचं मागचं दार. चालेल."

चेरी-मे म्हणाली, "तिथं बर्फ पडतो, मी बघितलं. पण नानाय, आपण स्टॉक्टनला का जात नाही? मावशी तिथं आहे ना?"

मी म्हटलं, "तिथं बर्फ पडत नाही."

"हे उत्तर झालं का?" चेरी-मेनं विचारलं. हे वाक्य ती माझ्याकडूनच शिकली आहे. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलांना मी हेच म्हणते. हेर्नाननं ताटातून वर बघितलं नाही, म्हणजे ऐकलं त्यानंही.

तर उत्तर असं, मनांग. तू तुझा संसार थाटलास, आम्ही आमचा थाटावा. एका गावात राहिलं की अपेक्षा वाढतात. तू आपल्या तातायच्या अंत्यविधीला आली नाहीस, याचा या निवडीशी काहीही संबंध नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. काहीच संबंध नसता तर ते इथं आलं कशाला, असं मी विद्यार्थ्याला विचारलं असतं. पण शाईनं लिहिलं आहे. खोडलं तरी तू उजेडाकडे धरून वाचशील, लहानपणापासून तुझी ती सवय आहे. राहू दे.

बाल्टिमोरचा पत्ता लोर्नानं कळवला आहे. फॉर्ममध्ये अजून लिहिलेला नाही, कारण पेन्सिलीचं टोक मोडलं. घरात एकच पेन्सिल आहे असं नाही.

तुझी,
एर्मिंग

ता. क. स्टॉक्टनला उन्हाळा किती कडक असतो? सहज.


मोलो
१९ मे २००८

मनांग चोलेंग,

उन्हाळ्याबद्दलचं तुझं कार्ड मिळालं. 'खूप कडक. पण घरात पंखे आहेत.' हे मी दिवसभर पर्समध्ये घेऊन हिंडले.

आज मला तुला एका जेवणाची हकिकत सांगायची आहे. ती सांगून झाली की दुसरं एक सांगायचं आहे. ते मला आधी सांगता येत नाही, म्हणून हा क्रम.

आमच्या शाळेत या वर्षी अमेरिकेहून एक स्वयंसेविका आल्या आहेत, इंग्रजी शिकवायला. मॅम डोरीन. वय एकसष्ट, ओहायोच्या, उंच, हातात कायम पाण्याची बाटली. आल्याला आठवडाच झाला होता. मी त्यांना शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. तीनदा बोलवायची तयारी ठेवली होती, पण त्या पहिल्यांदाच 'हो, नक्की' म्हणाल्या, तेव्हाच मला जरा चमकल्यासारखं झालं होतं.

मी मोलोचं सूप केलं होतं, आपली नानाय करायची तसं. मैद्याच्या पाऱ्या पातळ, आत कोंबडी आणि कोळंबी, वरून तळलेला लसूण. मॅमनी एक वाडगा संपवला. मी विचारलं, "अजून वाढते?"

"नको. फार छान झालंय, पण नको."

मी वाढलं. त्यांनी वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि संपवला. रिकामा वाडगा समोर आणि आपण बघत बसायचं, असं आपल्या घरात कधी झालंय का? मी पुन्हा वाढलं. त्या "खरंच नको" म्हणाल्या, तेव्हा हेर्नाननं मला खूण केली की बाई लाजतायत, कोळंबी जास्त घाल. तिसरा वाडगाही गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी चौथ्यांदा डाव उचलला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वाडग्यावर पालथे धरले.

"एर्मिंग," त्या म्हणाल्या, "मी पहिल्यांदाच नको म्हणाले होते."

"पण मॅम, पहिलं नको कुणी धरतं का?" हेर्नान अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "आणि तुम्ही तर वाडगा चाटूनपुसून रिकामा करत होता!"

"ताटात काही टाकायचं नाही असं मला आईनं शिकवलंय!"

"रिकामं झालं की भरायचं असं आम्हाला आईनं शिकवलंय!"

मॅम हसायला लागल्या आणि हसताना त्यांना पोट धरावं लागलं. मग चेरी-मेनं त्यांना समजावून सांगितलं. मी तिचे शब्द जसेच्या तसे देते.

"मॅम, पहिलं नको म्हणजे 'मी हावरी नाही'. दुसरं नको म्हणजे 'तुम्ही खरंच विचारताय ना?' तिसऱ्यांदा विचारलं की मग खायचं."

"आणि तुझ्या आईनं मला दुसऱ्यांदा विचारलंच नसतं तर?"

"मग तुम्ही उपाशी घरी गेला असता आणि जन्मभर सगळ्यांना आमच्याबद्दल सांगत बसला असता."

हेर्नान इतका हसला की त्याला ठसका लागला. मॅम म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस नको म्हणाला की भांडं उचलून ठेवतात. त्यात राग नसतो. उलट पुन्हा पुन्हा विचारलं तर वाटतं, माझ्या शब्दाला काही किंमतच नाही यांच्या लेखी."

मी डाव हातात घेऊन तशीच उभी होते. रस्सा जमिनीवर ठिबकत होता. चेरी-मे म्हणाली, "नानाय, डाव." मी तो पातेल्यात ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

आता दुसरं.

ताताय गेले त्या दिवशी तू फोन केलास. फोन तुझ्या नोकरीच्या दवाखान्यातून होता, मागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. तू विचारलंस, "मी येऊ का, इंदाय?" मी म्हटलं, "नको गं, एवढ्या लांबून कशाला, तुझी नोकरी आहे, आम्ही आहोत ना इथं सगळे." तू म्हणालीस, "बरं."

त्या 'बरं'नंतर मी रिसीव्हर कानाला धरून थांबले. तू पुन्हा विचारशील म्हणून. तू ठेवलास.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेला घर भरलेलं होतं. जो येईल तो विचारायचा, "चोलेंग कुठं आहे?" आणि मी सांगायची, "ती आली नाही." चाळिसाव्या दिवशीही तेच. नंतर तू पाठवलेलं मोठं खोकं आलं तेव्हा मी तुला लिहिलं की आम्हाला चॉकलेटं नकोत, तू बहीण म्हणून खोकंच पाठवत जा, तेवढंच तुला जमतं. त्या पत्रानंतर सात वर्षं आपण बोललो नाही.

मी 'नको' म्हणाले होते हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हेर्नानला नाही. डायरीतसुद्धा नाही. तिच्यात त्या तारखेला लिहिलं आहे, 'चोलेंगचा फोन आला. येणार नाही.' मी अधिक-उण्याची चूक मुलांच्या वहीत लाल शाईनं दाखवते आणि स्वतःच्या वहीत ही ओळ सात वर्षं तशीच ठेवली.

मला त्या फोनवर तू हवी होतीस. मी नको म्हणत होते तेव्हासुद्धा.

तू तीस वर्षं तिथं आहेस. एकदा विचारून थांबायचं हे तू तिथं शिकलीस की तुझी बस सुटत होती म्हणून थांबलीस, हे मला माहीत नाही. पण तू विचारलं होतंस. मी तुझ्या नावावर लावलं ते माझं होतं. त्याबद्दल मला क्षमा कर.

आणि फेब्रुवारीतही मी तेच केलं. तुझ्या चिठ्ठीला 'नको, अडचण होईल' असं लिहिलं आणि पोस्टमनची वाट बघत बसले. मग कोडियाक काढलं, बाल्टिमोर काढलं. ती गावं वाईट नाहीत. पण मी त्यांची स्तुती करत होते ती तुला ऐकू जावी म्हणून.

तर आता एकदाच आणि सरळ लिहिते. मनांग, मला तुझ्याजवळ राहायचं आहे. फॉर्ममध्ये तुझा पत्ता लिहू का? जमणार नसेल तर नाही म्हण. तुझं नाही मी नाहीच समजेन. निदान तसा प्रयत्न करेन, आणि करते आहे की नाही ते चेरी-मे बघेल.

तुझी,
एर्मिंग


मोलो
२१ जून २००८

मनांग, माझ्या मनांग,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते फाटकातच उभी राहून उघडलं. पोस्टमन हलेना. म्हणाला, "बाई, चार महिने मी हे लिफाफे आणतोय, आज मलाही कळू दे." मी पहिलं वाक्य त्याला वाचून दाखवलं.

'नाही, इंदाय. आमच्या घरात नाही.'

पोस्टमन बिचारा सायकलवर बसायला निघाला. मी म्हटलं, "थांबा, पुढं आहे."

हे पत्र मी आता पाठ म्हणू शकते. तरी काही वाक्यं इथं उतरवते, कारण ती माझ्या हातानं लिहून बघायची आहेत.

'मी रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. घरात कुणी चमचा वाजवला तरी मी उठून भांडते. तिबुरला विचार. तुझा नवरा गातो. तू दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे नीट लावल्याशिवाय राहत नाहीस. महिन्याभरात आपण पुन्हा सात वर्षांसाठी अबोला धरू.'

'फेब्रुवारीत बोलावलं ते बोलवायचं असतं म्हणून. चिठ्ठी पेटीत टाकली आणि भीती वाटली की तू हो म्हणशील. तू नको म्हणालीस तेव्हा हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस तिबुरशी धड बोलले नाही. म्हणून पुन्हा विचारलं नाही. खोली मागची आहे एवढं मात्र लिहिलं.'

'तातायच्या वेळी माझी बॅग भरून झाली होती. दवाखान्यात सोबत घेऊनच गेले होते. तू नको म्हणालीस. मला वाटलं, माझी तिथं कुणाला गरज उरली नाही. ती बॅग मी वर्षभर रिकामी केली नाही. तुझी क्षमा मागायची तेवढी मागून झाली, आता पुरे. मलाही पुन्हा विचारता आलं असतं. तीस वर्षं झाली तरी मी मोलोचीच आहे.'

इथं पोस्टमननं टोपी काढली. मग मी पुढचं वाचलं.

'आमच्या मागच्या गल्लीत, माझ्या दारापासून दोनशे बारा पावलांवर, एक लहान घर आहे. मी मोजली. माझ्याच वॉर्डातल्या एका नर्सचं आहे. तिचा मुलगा राहतो, तो डिसेंबरात लग्न करून टेक्सासला जाणार. मग तुम्ही येईपर्यंत ती घर रिकामं ठेवायला तयार आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं लिंबाचं झाड. त्या घराचा पत्ता खाली देते. तो लिही. दुपारी चारच्या आत माझ्याकडे यायचं नाही. रविवारी जेवायला यायचं, दर रविवारी, तिघांनीही. हे मी एकदाच सांगते आहे.'

हेर्नान घरी आला तेव्हा मी अंगणात बाकावर बसून हसत होते.

"काय म्हणाली चोलेंग?"

"नाही म्हणाली."

"मग तू हसतेस काय?"

"अरे, आमच्या घरात आजवर कुणी 'नाही' म्हणून खरंच नाही म्हटलं होतं का?"

त्यानं पत्र वाचलं. 'तुझा नवरा गातो' इथं तो थांबला. "गातो म्हणजे? कसा गातो ते लिहिलं नाही," म्हणाला. मग लिंबाच्या झाडापाशी पुन्हा थांबला. मग मी त्याला तातायच्या वेळच्या फोनची गोष्ट सांगितली. त्यानं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. नंतर म्हणाला, "लांगा, आज जेवायला काय हवंय तुला?" मी 'काहीही चालेल' म्हणणार होते. म्हटलं, "तळलेले बोई मासे." तो सायकल काढून बाजारात गेला.

चेरी-मेनं अमेरिकेचा नकाशा पुन्हा काढला. स्टॉक्टनपासून बर्फ गाडीनं अडीच तासांवर आहे असा शोध तिनं लावला आहे. डोंगरात. मावशी गाडी चालवते ना, असं तिनं दोनदा विचारलं. म्हणजे तुला कल्पना असावी.

तुझ्या पत्रातल्या 'नाही'नं मला लागलं का, हेही मी तपासलं. तासभर प्रामाणिकपणे तपासलं. थोडं लागलं, 'डबे नीट लावतेस' या ठिकाणी. बाकी कुठं नाही.

फॉर्म आज सकाळी पोस्टात टाकला. पत्ता चेरी-मेनं शाईनं लिहिला, मी शेजारी उभी राहून एकेक अक्षर तपासलं. टाकायच्या आधी पोस्टमास्तरनं बाहेर येऊन लिफाफा हातात तोलून बघितला. कालची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. आज पूर्ण मोलोला पावलं दोनशे बारा आहेत हे माहीत आहे.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलंस, 'घरमालकीण विचारते आहे, भिंती तशाच ठेवायच्या की रंगवून हव्यात? मळक्या पांढऱ्या आहेत, तशा बऱ्या दिसतात. तुला काही वेगळं हवं असलं तर सांग.'

वाचल्याबरोबर माझ्या मनात आलं, कशाला उगाच त्रास, बऱ्याच असतील.

रंगवून हव्यात, मनांग. पिवळ्या. स्वयंपाकघर आधी.

एर्मिंग